बरोबरीचा निकाल पटावरच लागू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय बुद्धिबळ स्पर्धांत डाव लांबला आणि पटावर मोजकीच मोहरी उरली, की पंचांनी मोबाइलवर एंडगेमचा, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यातल्या स्थितींचा, डेटाबेस उघडून निकाल जाहीर करावा, अशी सूचना एका पालकांनी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात केली आहे. बरोबरीच्या नियमासाठी पन्नास चाली मोजत बसणे त्यांना वेळकाढूपणा वाटतो. त्यांची तळमळ समजते, पण सूचना पटत नाही. जिल्ह्यातल्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो, म्हणून हे लिहितो आहे.

डेटाबेसची ताकद कुणी नाकारत नाही. मात झालेल्या स्थितीपासून उलटे मागे जात संगणकाने प्रत्येक स्थितीचा निकाल काढून ठेवला आहे, दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंत. 2012 मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या ‘लोमोनोसोव्ह’ महासंगणकावर हे सात मोहऱ्यांचे काम झाले. त्यात एका स्थितीत मात करायला तब्बल 549 चाली लागतात असे निघाले. आज वापरात असलेला ‘सिझिजी’ हा सात मोहऱ्यांचा संच 2018 मध्ये पूर्ण झाला. तो सुमारे 18 टेराबाइटचा आहे आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. पालकांच्या मोबाइलवर उत्तर येते ते बहुधा त्यातूनच.

या उत्तरांनी जुन्या पंडितांनाही खोटे पाडले. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा नीट बसला तर बरोबरी, असे एकोणिसाव्या शतकापासून पुस्तकांत लिहिले जात होते. 1983 मध्ये संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांच्या संगणकाने दाखवले की उंटवाला जिंकतो, फक्त काही वेळा घोडा मारेपर्यंतच 66 चाली जातात. पन्नास चालींत प्यादे हलले नाही आणि काही मारले गेले नाही तर खेळाडू बरोबरी मागू शकतो, हा नियम मग अपुरा वाटू लागला. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने काही ठरावीक स्थितींसाठी ही मर्यादा वाढवूनही पाहिली. 1989 मध्ये बेलग्रेडला निकोलिच आणि आर्सोविच यांचा डाव अशाच सवलतीमुळे 269 चालींपर्यंत गेला. हत्ती आणि उंट एकीकडे, नुसता हत्ती दुसरीकडे, वीस तासांहून जास्त खेळ, आणि शेवटी बरोबरीच! पुढे या सवलती काढून टाकल्या गेल्या. बरे झाले. नाहीतर रविवारची स्पर्धा सोमवारी संपवावी लागली असती.

आता मुख्य मुद्दा. डेटाबेस सांगतो ते दोघेही एकदाही न चुकता खेळले तर काय होईल ते. समोर बसलेली दोन माणसे काय करतील, हे त्याला ठाऊक नसते. 1977 मध्ये ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी थॉम्पसन यांच्या यंत्राविरुद्ध वजीर घेतला, यंत्राकडे हत्ती. जिंकलेलीच स्थिती, तरी पहिल्या खेपेला पन्नास चालींत त्यांना जमले नाही. दुसऱ्या खेपेला बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती हाती लागला. याच्या उलट गोष्ट 2021 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतली. दुबईत सहाव्या डावात जगज्जेत्या कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, आव्हानवीर नेपोम्नियाचीकडे नुसता वजीर. डेटाबेसच्या लेखी बरोबरी. 130 व्या चालीला वजीर चुकीच्या घरात गेला आणि 136 व्या चालीला कार्लसनने डाव जिंकला. तिथल्या पंचांनी मोबाइल काढून आधीच निकाल दिला असता, तर त्या लढतीचा नूरच बदलला असता.

खासबागेत निकाली कुस्तीची सवय लागलेल्या आपल्या गावाला बरोबरी मनातून रुचत नाही, हे मला माहीत आहे. तरीही डाव संपायच्या आत तिसऱ्याने निकाल सांगणे आपण मैदानात खपवून घेतले नसते. मग पटावर का खपवून घ्यावे?

पालकांचा राग मात्र सगळाच चुकीचा नाही. “सर, मोबाइल बघा की, पोरगं जिंकलेलं हाय, बरोबरी कशी दिलीसा?” हे मी ऐकले आहे, आणि “हत्तीला हत्ती असताना पोरगं हरलंच कसं?” हेही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नियमात आहे. ज्याच्या घड्याळातली वेळ संपली तो खेळाडू हरतो. समोरच्याला कुठल्याही नियमबद्ध चालींनी मात करणे अशक्य असेल तरच बरोबरी. डेटाबेस बरोबरी म्हणतो की नाही, याचा इथे संबंध नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. रॅपिड म्हणजे कमी वेळेच्या स्पर्धेत चाली लिहिण्याची सक्ती नसते, त्यामुळे पन्नास चाली झाल्या की तीसच झाल्या, यावर वाद होतो. 2014 पासून 75 चालींनंतर पंचाने स्वतःहून डाव बरोबरीत सोडवायचा असतो, पण मोजले कुणी? दहा वर्षांच्या मुलाला बरोबरी मागता येते, हेच अनेकदा माहीत नसते. आणि खेळाडू पंचाकडे चाली लिहायला स्कोअरशीट मागू शकतो, हे तर पालकांनाही नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या आयोजकांना विनंती. इन्क्रिमेंट असलेलीच, म्हणजे प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून देणारी घड्याळे वापरा, म्हणजे वेळ संपल्याने हरण्या-जिंकण्याचे निम्मे वाद तिथेच मिटतील. इन्क्रिमेंट नसेल तर शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी मागण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत की नाहीत, ते माहितीपत्रकातच छापा. आधी जाहीर केल्याशिवाय ती वापरताच येत नाहीत. आणि शेवटच्या फेऱ्यांसाठी केवळ चाली मोजायला दोन मुले पंचांच्या हाताखाली द्या. कॉलेजातली मुले हे काम आनंदाने करतात, चहा-वड्यावर.

आपला,
एक बुद्धिबळ पंच
मंगळवार पेठ, कोल्हापूर