पायऱ्या मोजून ठेवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव आणि तुमच्या हॉटेलचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही जे केलंत ते ड्युटी संपल्यावर केलंत, आणि त्याबद्दल उद्या कुणी तुम्हालाच जाब विचारावा असं मला नको आहे. पण वाचाल तेव्हा ओळखाल. चर्नी रोड स्टेशनजवळचं लहानसं हॉटेल, परभणीची ताई, काठी टेकत आलेली आजी, आणि लाँड्रीच्या पावतीमागे लिहिलेला तो कागद.

परत येऊन नऊ दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि डोळे भरून येतात, म्हणून राहून जातं. आज लिहूनच उठणार आहे.

तुम्हाला आमची सगळी हकीकत माहीत नाही. आई मूळची गिरगावची. १९६९ साली लग्न होऊन परभणीला आली. गणपती जवळ आले की ती अजूनही संध्याकाळी सातच्या सुमाराला गप्प होते. चाळीत आरतीची वेळ झाली असेल, एवढंच म्हणते. पण भाद्रपदात घर सोडून जायचं कसं? आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्णी, पाहुणे. मग मागची आवराआवर, आणि तोवर अनंत चतुर्दशी येऊन ठेपते. लग्नानंतर तिनं चाळीतला गणपती पाहिला तो दोनदाच. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी सातवीत होते.

यंदा वहिनी म्हणाली, महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की तुम्ही दोघी निघा, मागचं मी बघते. आईचं वय शहात्तर. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कसाबसा साथ देतो. त्याच रात्री देवगिरी एक्सप्रेसला बसलो. गिरगावात आता आमचं कुणी उरलेलं नाही. मामा गेले, मामी मुलीकडे डोंबिवलीला असतात. म्हणून हॉटेल.

पहिल्या दोन रात्री आम्ही दुसरीकडे होतो, ते तुम्हाला सांगितलं होतं. ते हॉटेल मोठं. मी बुकिंग केलं तेच मुळी त्यांचं गणेशदर्शनाचं पॅकेज वाचून. उत्सवाच्या दिवसांत पाहुण्यांसाठी खास एसी बस, सोबत माहिती सांगणारा माणूस, ज्येष्ठांची काळजी घेतली जाईल असं ठळक अक्षरांत. दोघींचे पैसे आधीच भरले. आईला बसमध्ये चढवायला कुणी हात दिला नाही, ते मी सोडून दिलं. पण बस परळ-लालबागच्या गर्दीत अडकली ती अडीच तास. उड्डाणपुलावरून जाताना तो माणूस माइकवर म्हणाला, डाव्या बाजूला लालबाग, आणि पुढच्या गोष्टीकडे वळला. दर्शन नाही, उतरणं नाही. आईला लघवीला जायचं होतं. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई रागावली नाही. खिडकीबाहेर बघत मला सांगत राहिली, की पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला तेव्हा कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ साली हा राजा बसला. बसमधल्या बाकीच्या पाहुण्यांना ही गोष्ट कुणीच सांगितली नाही. आई सांगत होती, पण ऐकायला मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ट्रॅव्हल डेस्कवर गेले. म्हटलं, ते पैसे राहू द्या, आईला गिरगावात तिच्या चाळीत जायचं आहे, तेवढी काही व्यवस्था होईल का? टायवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, तिथं बघण्यासारखं काही नाही. आमच्या लिस्टमध्ये ते येत नाही." आई शेजारीच उभी होती. त्या मुलाचा आवाज अगदी मऊ होता. मला त्या मऊपणाचाच जास्त राग आला, तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर आम्ही तुमच्याकडे आलो.

तुम्ही आमच्या बॅगा घेतल्यात. लॉबीत उत्सवातल्या कार्यक्रमांचं कार्ड ठेवलं होतं, तुमच्याही हॉटेलात ते इंग्रजीतच. मी आईला वाचून, अर्थ सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "आमच्या चाळीत असं काही कार्ड नसायचं, फळ्यावर खडूनं लिहायचे." तुम्ही बॅगा हातात घेऊन थांबलात आणि विचारलंत, "आजी, कुठल्या चाळीतल्या तुम्ही?"

मुंबईत उतरल्यापासून तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची खूण सांगितली. तुम्ही म्हणालात, गिरणी आता नाही, पण गल्ली कळली. एवढंच बोलणं झालं. मला वाटलं, चला, आपुलकीनं विचारलं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर तो कागद आला. लाँड्रीची पावती, मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेननं, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल इतकी मोठी अक्षरं. मराठीत. मी तो इथं जसाच्या तसा उतरवते, कारण माझ्या आभारांपेक्षा तो कागद जास्त सांगेल.

"आजींची चाळ. आरती साडेसात. टॅक्सी गल्लीच्या तोंडापर्यंत येते. आत ६० पावलं. पायऱ्या ४. डावीकडचा कठडा पक्का आहे, उजवीकडचा हलतो, धरू नये. बसायला खुर्ची मिळेल. तळमजल्यावरच्या काकूंकडे बाथरूमला जाता येईल, सांगून ठेवलं आहे. पाऊस आला तर मांडवात जागा आहे.

केशवजी नाईक चाळ. सकाळी जावं, तेव्हा शांत असतं. मूर्ती लहान, जवळून दिसते.

गिरगावचा राजा, निकदवरी लेन. दुपारी दोन ते चार. रात्री धक्के लागतात.

लालबाग. आजींना रांग झेपणार नाही. टीव्हीवर चांगलं दर्शन होतं.

चौपाटी. अनंत चतुर्दशीला नको. आदल्या संध्याकाळी जा. रेतीत उतरू नये, पाय रुततो.

वांद्र्याची मोतमावलीची जत्रा. चालू आहे, पण चढ आणि गर्दी. पुढच्या वेळी."

आईनं तो कागद दोनदा वाचला. ओळींवरून बोट फिरवत, मोठ्यानं. मग मला म्हणाली, "यानं बाथरूमचंसुद्धा विचारलंय गं." आणि पदर डोळ्यांना लावला.

दादा, बाहेर पडताना म्हाताऱ्या बाईच्या मनात पहिली भीती कसली असते, ते ती कुणाला सांगत नाही. मुलीलाही नाही. सकाळपासून पाणी कमी पिते, म्हणते तहान नाही. आई त्या दिवशी चारच्या चहाबरोबर तांब्याभर पाणी प्यायली. तुमच्या त्या एका ओळीमुळे प्यायली.

सकाळी केशवजी नाईक चाळीत गेलो. मुंबईतला सार्वजनिक गणपती इथंच पहिल्यांदा बसला, १८९३ साली. १९०१ मध्ये लोकमान्य तिथं येऊन गेले होते. बाहेर सगळीकडे मूर्ती उंच उंच होत गेल्या, तिथली अजून तेवढीच आहे, आणि विसर्जनाला पालखीतून जाते. आई लहानपणी मैत्रिणींबरोबर तिथं आरतीला जायची. तुम्ही लिहिल्याप्रमाणे शांत होतं. आई दहा मिनिटं समोर बसून राहिली, कुणी उठा म्हणालं नाही.

संध्याकाळी तिच्या चाळीत. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी आईचा हात धरला, तिनं माझा सोडवला आणि काठी धरली. साठ पावलं मी मोजली नाहीत, तिनं मोजली. पायऱ्यांपाशी आल्यावर तिनं डावा हात कठड्यावर ठेवला आणि लहान मुलीसारखं मोठ्यानं म्हणत चढली, एक, दोन, तीन, चार. वर जाऊन वळली आणि खाली बघत राहिली. मग मला म्हणाली, "तिसऱ्या पायरीवर बसून मी दुर्वा निवडायचे. एकवीस-एकवीसच्या जुड्या. माझी आई वरून ओरडायची, ओल्यात बसू नकोस."

हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत नाही.

तळमजल्यावरच्या काकूंनीच आम्हाला खरी गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "काल रात्री साडेअकराला एक मुलगा आला होता हो. पायऱ्यांवरून वरखाली करत होता, कठडे हलवून बघत होता. आम्ही म्हटलं, काय रे, कोण तू? तर म्हणाला, उद्या आजी येणार आहेत." म्हणजे तुम्ही दिवसभर लोकांच्या बॅगा उचलून, ड्युटी संपवून, पावसात त्या गल्लीत गेलात. आम्हाला मात्र एका शब्दानं कळू दिलं नाहीत. काकूंनी नसतं सांगितलं तर मी समजले असते, की तुम्हाला ती चाळ आधीपासूनच ठाऊक होती.

आरती झाली. मंत्रपुष्पांजलीला आईचा आवाज चाळीतल्या बायकांच्या आवाजात असा मिसळला, की मला तो वेगळा ओळखता येईना. काकूंच्या सासूबाईंनी आईला तिच्या माहेरच्या आडनावानं हाक मारली. माहेरच्या नावानं हाक मारणारं आता तिला परभणीत कोण आहे?

रात्री परत आल्यावर मी तुम्हाला पाचशे रुपये दिले, ते तुम्ही घेतलेत. बरं केलंत. कष्ट होते, त्याचे ते पैसे होते. त्यांनी फिटण्यासारखं ते नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. आईनं तुम्हाला विचारलं, "बाळा, तुझ्या घरी गणपती नाही का?" तुम्ही म्हणालात, देवगडजवळच्या गावी सात दिवसांचा असतो, यंदा सुट्टी मिळाली नाही, विसर्जन फोनवर पाहिलं. हसत म्हणालात. मी खोलीत येऊन त्या हसण्याचाच विचार करत बसले. ज्याला स्वतःच्या घरचा गणपती पाहता आला नाही, त्यानं माझ्या आईला तिचा दाखवला.

मी शिक्षिका होते, अठ्ठावीस वर्षं. मुलांना सद्गुणांवर निबंध लिहायला लावले, त्यांना मार्क दिले. पण दुसऱ्याच्या गुडघ्यानं विचार करता येणं, हे मी कुणाला शिकवू शकले असं वाटत नाही. काही माणसांकडे ते असतं. आमच्या एसटी स्टँडवर एक कंट्रोलर होते, ते गरोदर बाई दिसली की स्वतःची खुर्ची खिडकीबाहेर काढून देत आणि उभ्यानं नोंदी करत. वडील आजारी असताना दवाखान्यातल्या एका मावशी रात्री फरशी पुसून झाली की आम्हाला उठवून सांगत, ओलं आहे, दहा मिनिटं उतरू नका. यांपैकी कुणाच्याच कामाच्या यादीत ते नव्हतं. त्या मोठ्या हॉटेलात यादी होती, छापील होती, गुळगुळीत कागदावर होती. जाणाऱ्या माणसाचे पाय कसे आहेत, हे तिथं कुणी विचारलं नाही.

मुंबईत वर्षभर काही ना काही चालू असतं, ते तुम्हीच आईला सांगत होतात. फेब्रुवारीच्या सुमाराला काळा घोडा कलामहोत्सव, पाडव्याला फडके मंदिरापासून निघणारी शोभायात्रा, नारळी पौर्णिमेला कोळीवाडे. या सगळ्याची कार्डं हॉटेलवाले छापतच असतील. तुमच्या मालकांपर्यंत हे पत्र गेलं, तर माझी एक विनंती आहे. त्या कार्डावर प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन गोष्टी लिहा, पायऱ्या किती आणि बायकांसाठी सोय कुठे. त्याला खर्च नाही. ज्याला लिहायचं आहे त्यानं एकदा स्वतः जाऊन यावं लागेल, एवढंच. आणि गणपतीत तुमच्या त्या मुलाला सुट्टी द्या.

आई बरी आहे. प्रवासानं दोन दिवस गुडघा सुजला होता, आता उतरलाय. तिनं पाडव्याचं काढलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळवायची तिनं दोनदा आठवण केली आहे. त्या संध्याकाळी चार पायऱ्या चढून ती वर थांबली, तेव्हा नुसती आठवणीत नव्हती, तिला हिशेब लागत नव्हता. तिच्या वेळी पाच होत्या. काकूंच्या सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, दर काही वर्षांनी रस्ता वर येत गेला आणि सगळ्यात खालची पायरी त्यात गेली. म्हणजे तुमची मोजणी चुकलेली नाही, हे तुम्हाला नीट सांग, असं तिनं मला बजावलं आहे. तो कागद आता तिच्या पोथीत आहे. तुमच्या ४ या आकड्याशेजारी तिनं पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात लिहिलंय, "आणि एक रस्त्याखाली."

तुमची,
परभणीची ताई