तुझ्या जन्माच्या वेळची निवडणूक

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की दोघांचाही आवाज चढतो. परवा समोरासमोर बसून तेच झालं. तू ताटावरून उठलास, मी अडवलं नाही, आणि तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणून लिहायला बसलो. एसटीत कंडक्टर म्हणून पस्तीस वर्षं वे-बिलं भरली, हाताला लिहायची सवय आहे, पण पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. आक्काच्या लग्नाच्या वेळी नानांना लिहिलं होतं तेच शेवटचं असावं.

जमिनीबद्दल यात एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवूनच बसलोय. आईनं तशी शपथच घातली आहे.

तुझं म्हणणं मी नंतर दोन दिवस शांतपणे आठवून पाहिलं. २०२९ ला विधानसभा लढवायची तर आजपासून लोकांना दिसावं लागतं. गाडी लागते, सांगोल्यात ऑफिस लागतं, पोरांच्या क्रिकेट स्पर्धेला बक्षीस, जत्रेच्या कुस्त्यांना इनाम, बायाबापड्यांना देवदर्शनाच्या गाड्या, वाढदिवसाचे फ्लेक्स. सगळे करतात, मी नाही केलं तर मागं पडेन, असं तू म्हणालास. खोटं नाही ते. मी रोज स्टँडवर चहाला जातो, फ्लेक्स मलाही दिसतात. पण त्यासाठी तू तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अ काढून नेलास आणि मला ते दुसऱ्याकडून कळलं.

बघ, लिहिलंच शेवटी. खोडत नाही आता.

तुला राग आला तो मी आबासाहेबांचं, म्हणजे आपल्या गणपतराव देशमुखांचं, नाव काढल्यावर. "त्यांचा जमाना गेला, दादा," म्हणालास. असेल गेला. पण माझं सगळं आयुष्य त्या जमान्यात गेलं, मी दुसरं कुणाचं उदाहरण देऊ? १९६२ ला गणपतराव देशमुख सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले त्याच साली माझा जन्म. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. वकील माणूस, जन्मगाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, आपल्या तालुक्यात भाऊबंदकीचं पाठबळ नाही. २०२९ ला तू ३४ चा होशील. हा हिशेब मी तुझ्यासमोर कधी केला नाही, पण मनात बरेचदा केलाय. बापाच्या मनात काय काय येतं ते पोराला सांगायचं नसतं असं आमच्या वेळी होतं.

१९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. दहा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. त्याच साली आबासाहेब हरले होते. दोन वर्षांत पोटनिवडणुकीत परत निवडून आले. आमच्या वस्तीवर तेव्हा कुणाकडं रेडिओ नव्हता, माळावरून कुणीतरी ओरडत आला आणि तुझी आजी हातातलं खुरपं टाकून उभी राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या पक्षाचं चिन्ह खटारा, तेवढा ओळखता यायचा.

१९९५ ची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आज सांगतो. तू जन्मलास त्याच्या चौथ्या दिवशी मतदान होतं. आई बाळंतपणाला माहेरी, तिचं नाव आपल्या यादीत. मला सांगोला–मुंबईची ड्युटी लागली होती. बदली मागता आली असती. मागितली नाही, कारण मुंबईहून येताना दादरला उतरून तुझ्यासाठी कुंची आणि झबली आणायची होती. मनात म्हटलं, आबासाहेब काय, येणारच निवडून, आपल्या दोन मतांनी काय होतंय. ते १९२ मतांनी पडले.

१९२. आपल्या गावात एका बूथवर याहून जास्त माणसं असतात. कितीतरी दिवस मी ड्युटीवर प्रवासी मोजताना तो आकडा मोजायचो. चार गाड्या भरत नाहीत रे त्यात. तुझ्या जन्माचा आनंद आणि ती खंत माझ्या डोक्यात एकत्रच बसली आहे. त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४, एकही मतदान मी चुकवलं नाही. पुढं २०१९ ला त्यांनी वयामुळं उभं राहायचं थांबवलं आणि नातू उभा राहिला, तो ७६८ मतांनी गेला. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, निवडून आले. आपल्या तालुक्यात मत असं तोलून पडतं. म्हणून म्हणतो, शेत गहाण टाकून आलेला पैसा त्या १९२ मध्ये कुठं पुरणार आहे? तो पैसा फ्लेक्सवर जाईल, आणि फ्लेक्स पहिल्या वाऱ्यात फाटतो.

परत तिथंच आलो. माफ कर.

११ वेळा निवडून आलेला माणूस एसटीनं फिरायचा. आमदाराला एसटीत फुकट प्रवास असतो, पुढं राखीव सीट असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सीटवर खरोखर बसणारा आमदार माझ्या नोकरीत मी एकच पाहिला. धोतर, सदरा, बरोबर फायलींची पिशवी. मी उभा राहिलो की मला संकोच व्हायचा, त्यांना कधी झालेला दिसला नाही. शेजारी कुणीतरी म्हातारी येऊन बसायची आणि कोर्टातलं, रेशनचं, विहिरीचं काहीतरी सांगायला लागायची. सांगोला ते पंढरपूर ती बोलायची आणि ते ऐकायचे. मी डबल बेल मारायचो आणि मनात म्हणायचो, आपल्या गाडीत विधानसभा चाललीय.

पन्नासच्या आसपास वर्षं आमदारकी, त्यातलं मंत्रिपद फक्त दोनदा, १९७८ ला आणि १९९९ ला. बाकी सगळं विरोधी बाकावर. आणि पक्ष एकच, लाल बावटा. हा शेतकरी कामगार पक्ष महाराष्ट्रात आकसत गेला, माणसं सोडून गेली, तरी ते तिथंच राहिले. तुला मी विचारलं, चिन्ह कुठलं? तू म्हणालास, ते त्या वेळचं वारं बघून ठरवू. अमोल, मला त्या उत्तरानं रात्रभर झोप लागली नाही. शेतातली पेरणीसुद्धा माणूस वारं बघून करतो, मान्य. पण बी कसलं पेरायचं ते आधी घरात ठरलेलं असतं.

पाण्याचं बघ. आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली १९९३ ला. नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणायचं. टेंभू, म्हैसाळ ही त्या पाणी उचलायच्या योजनांची नावं तू लहानपणी पाढ्यांसारखी ऐकलीस. दरवर्षी परिषद, दरवर्षी तीच मागणी. लोक हसायचे. तुझे मामाच हसायचे, "तुमच्या टेंभूचं पाणी आमच्या तेराव्याला येईल" म्हणायचे. माण नदीत ते पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा मी ड्युटी संपवून पुलावर जाऊन उभा राहिलो होतो. गढूळ, फेसाळलेलं, पण वाहतं. एका माणसाच्या आमदारकीतली किती वर्षं त्यात गेली याचा हिशेब कुठल्या फ्लेक्सवर बसणार? आमदारकी म्हणजे हे. एकच अर्ज, तोच तोच, पंचवीस वर्षं. तुझ्यात तेवढा दम आहे का, हे मी विचारतोय. गाडी कुठली घेणार ते नाही.

हे भाषण झालं. आई म्हणते मी निवृत्त झाल्यापासून भाषणं फार करतो.

तुझा दम मी पाहिलाय, तेही लिहायला हवं. गेल्या ग्रामसभेत तू सरपंच म्हणून माईकवर पाणीपुरवठ्याचा जमाखर्च वाचून दाखवलास. पाईप किती, मजुरी किती, शिल्लक किती, बिलाच्या नंबरासकट. मी मागं लिंबाखाली उभा होतो, तुला दिसलो नसेन. शेजारी पाटलांचे अण्णा होते, ज्यांनी तुझ्याविरुद्ध पॅनल उभं केलं होतं. ते काही बोलले नाहीत, मान हलवली फक्त. मला तिथं थांबवेना, डोळे भरून आले म्हणून विडी ओढायचं निमित्त काढून बाहेर आलो. मी विडी सोडून अकरा वर्षं झाली हे तुला माहीत आहेच.

तसाच हिशेब मी आयुष्यभर केला. कंडक्टरच्या गळ्यातल्या बॅगेत दिवसभर दुसऱ्याचा पैसा असतो. रात्री डेपोत मोजून भरायचा, चार रुपये कमी भरले तरी खिशातून. बॅग जड असली की माणसाला वाटतं आपण श्रीमंत आहोत. तसं वाटायला लागलेले माझ्याबरोबरचे दोघे घरी बसले. उद्या आमदार झालास तर स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. तीही बॅगच आहे.

आणि आता जी भीती आहे ती सरळ लिहितो, कारण आतापर्यंत आडून आडून लिहिलं. साडेचार एकर गेली तर जाऊ दे. डाळिंबाची बाग खोडकिड्यानं गेली तेव्हा आपण जगलो. बोअर आटलं तेव्हाही जगलो. मला भीती त्याच्या पुढची आहे. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्यानं ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. तू त्या रात्री बोललास तो आकडा त्याहून मोठा होता, आणि तो निवडणुकीच्या आधीच्या तयारीचा होता. आपली जमीन विकली काय आणि गहाण टाकली काय, तेवढा पैसा उभा राहत नाही. म्हणजे ती अर्ध्यात संपेल आणि उरलेल्यासाठी तू त्या ठेकेदाराकडं जाशील, ज्यानं तुला परवा वापरायला गाडी दिली होती. नाही म्हणू नकोस, दारात उभी होती, मी नंबर वाचलाय. त्याचे पैसे एकदा घेतलेस की मिंधा झालास. मग रस्ता खराब झाला तर लोक तुझ्याकडं येतील आणि तू त्याच्याकडं बघशील. नानांचं काय झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तीन एकरांचा तुकडा गेला त्याचं त्यांना दुःख नव्हतं. शेवटी दवाखान्यात ते एवढंच म्हणत होते की त्या माणसासमोर मला उठून उभं राहावं लागतं. तू तेव्हा त्यांचे पाय दाबत होतास.

तू तसा नाहीस, हे मला माहीत आहे. माहीत असूनही भीती जात नाही.

आबासाहेब गेले २०२१ च्या जुलैच्या शेवटी, ९४ व्या वर्षी. करोनाचे दिवस, तरी लोटलेली माणसं मी पाहिली. तू मला मोटरसायकलवर नेलंस. येताना तू गप्प होतास, आणि वेशीपाशी गाडी थांबवून म्हणालास, "दादा, मला असं काहीतरी करायचंय." पुढच्या वर्षी सरपंचकीचा फॉर्म भरलास. तेव्हा किती खर्च आला? चार हजार चारशे. वही अजून माझ्याकडं आहे. तू सायकलवर वाड्या-वस्त्या फिरलास आणि सूनबाई सातव्या महिन्यात असताना तुझ्याबरोबर हळदी-कुंकवाला चालत गेली.

तेव्हाचा अमोल मला जास्त आवडतो असं लिहिणार होतो. तसं लिहिलं तर आजचा आवडत नाही असं होईल, आणि ते खरं नाही.

म्हणून माझं असं ठरलंय. तू उभा राहा. पक्ष ठरव, एकदाच ठरव, आणि मला सांग. फॉर्मबरोबर अनामत म्हणून १०,००० रुपये भरावे लागतात, ते माझ्याकडून. ग्रॅच्युइटीतले बाजूला ठेवलेत, आईला सांगितलेलं नाही. एकूण वैध मतांच्या सहाव्या भागाहून जास्त मतं नाही पडली तर ती अनामत जप्त होते. झाली तर झाली, बापाची अनामत म्हणून गेली असं समज. त्या वर्षी मतदानाला मला कुठली ड्युटी नसेल. तुझ्या आईचं आणि माझं, दोन्ही मतं पहिल्या तासात पडतील.

पिल्लूला खोकला आहे म्हणून सूनबाईचा फोन होता. सितोपलादी मधातून दे. आईची शुगर गेल्या खेपेपेक्षा कमी आली, काळजी नको.

हे पत्र सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, आपल्याच डेपोचा पोरगा आहे. बरोबर डबा आहे. धपाटी आहेत, शेंगाची चटणी आहे, वर आईनं तुझ्या आवडीचं लोणचं घातलंय, म्हणजे तिचा राग माझ्यावरच आहे, तुझ्यावर नाही. डबा धुऊन संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीनं परत पाठव. सातबारा त्यातच ठेव.

तुझा,
दादा