पावती फाडून सुटणाऱ्याला

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत म्हणालास, "दोन बियर पिऊन बाईक चालवली तर काय होतं बाबा? धरलंच तर पावती फाडून सुटू." आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसलो.

पावती फाडून सुटता येत नाही, तीच तर गोम आहे. हेल्मेटचा दंड जागेवर भरता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ साठी, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्यासाठी, कोर्टातच उभं राहावं लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की झालं. गाडी सरळ चालली होती की वाकडी, हा प्रश्नच उरत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. २०१९ आधी पहिला दंड २,००० पर्यंत असायचा. तुझा काका अजून त्याच हिशेबात आहे! मशिनमध्ये फुंकायला नाही म्हटलं तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि तो नकारही कोर्टात आपल्याच अंगाशी येतो.

एकवीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोर बसणारा कारकून होतो मी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इस्त्रीचे शर्ट घातलेली पोरं रांगेत, मागे त्यांचे बाप. पुकारा झाला की पोरगं पुढं येणार. "गुन्हा कबूल?" "कबूल." दोन मिनिटांत आटपतं. एकाला न्यायाधीश साहेबांनी दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली. दिवसभर तो मागच्या बाकावर बसून होता. बापानं डबा आणला, तो उघडलाच नाही. संध्याकाळी दंडाची पावती घडी करत मला म्हणाला, "मिटलं ना आता सगळं?" कबुली दिली म्हणजे दोष सिद्ध झाला, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढं एखाद्या नोकरीच्या फॉर्मात "पूर्वी शिक्षा झाली आहे का" हा रकाना आला असेल, तेव्हा कळलं असेल.

आणि हो, मित्र प्यायलाय हे दिसत असताना "तूच चालव" म्हणत चावी त्याच्या हातात द्यायची नाही. कलम १८८ प्रमाणे चालवायला लावणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

शनिवारी पार्टी असेल तर बाईक खोलीवरच ठेव. कितीही वाजले तरी रिक्षाचे पैसे मी गूगल पे करीन. आईला सांगू नकोस, ती म्हणेल पार्टीलाच कशाला पैसे देता.

बाबा