सीपीयू परत येतोय

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

कॉम्प्युटर चालू झालाय. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर बाबा ‘बरं’ म्हणून फोन आईकडे देणार आणि आई माझ्या झोपेची चौकशी करणार. म्हणून सगळं लिहूनच काढतेय.

दुरुस्तीवाल्याने ‘मदरबोर्ड गेला, नवा कॉम्प्युटर घ्या’ म्हणून हात झटकले होते ना, तर मदरबोर्ड गेलेला नव्हता. त्याच्यावरचे चार कपॅसिटर गेले होते. प्रोसेसरच्या शेजारी वीज साठवून तिचे चढउतार सावरणारी छोटी नळकांडी उभी असतात, ती. त्यांच्या डोक्यावर मुद्दाम फुलीसारखी खाच पाडलेली असते. आत दाब वाढला तर स्फोट होण्याऐवजी खाच उघडावी, म्हणून. धडधाकट कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. आपल्या चौघांची फुगली होती आणि एकाच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आली होती. बाबा, सकाळी बटण पुन्हापुन्हा दाबावं लागतं आणि एकदा चालू झाला की दिवसभर कुरकुर नाही, असं तुम्ही म्हणायचात. त्याचं मूळ इथे होतं. आतलं द्रावण सुकत आलं की थंडपणी कपॅसिटर काम टाळतो, जरा तापला की बरा वागतो.

नवे बसवताना मायक्रोफॅरड, म्हणजे साठवणीचं माप, तेवढेच घेतले, व्होल्टेज तेवढंच, आणि जात 105 अंशांपर्यंत टिकणारी, ‘लो ईएसआर’, म्हणजे आतला विरोध कमी असलेली. उलटा लावला तर फुटतो, म्हणून ऋण बाजूचा पट्टा दोनदोनदा पाहिला. सगळ्यात जास्त दमवलं ते जुने काढण्याने. बोर्डाच्या पोटात तांब्याचा पत्रा असतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि जुनं सोल्डर वितळायचं नाव घेत नाही. मग वर थोडं ताजं सोल्डर दिलं, तेव्हा कुठे पाय सुटले.

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा पॉवर सप्लायचा डबा, मात्र मी उघडलासुद्धा नाही, सरळ नवा घातला. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. तिथे काटकसर नको. पॉवर सप्लायची मापं आणि स्क्रूंच्या जागा 1995 सालच्या एटीएक्स मानकात ठरलेल्या आहेत, त्यामुळे आजचा एसएमपीएस आपल्या 2008 सालच्या डब्यात मुकाट्याने बसला.

आई, आता तुझी तक्रार. बँकेची साइट उघडत नाही, इंटरनेट बिघडलंय, असं तू म्हणत होतीस. इंटरनेट ठणठणीत होतं. बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला होता. भिंतीवरचं बटण चालू असलं की घड्याळाला तिथूनच वीज मिळते. तू रोज रात्री ते बंद करतेस, मग घड्याळ सेलवर येतं. सेल मेलेला, म्हणून सकाळी कॉम्प्युटर स्वतःला कित्येक वर्षं मागे समजायचा. आणि साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं तारीख बघतात; त्या तारखेला ती अजून निघालेलीच नव्हती! बटण तू खुशाल बंद करत जा. सेल नवा टाकलाय.

आता रंगाबद्दल, कारण पेटी उघडल्यावर पहिलं भांडण त्यावरूनच होणार. पुढचं प्लॅस्टिक जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलं होतं, खिडकीकडच्या बाजूला जास्त. पेरॉक्साइड लावून ते पांढरं करता येतं, पण बरेचदा पिवळेपणा परततो. म्हणून प्लॅस्टिकचा प्रायमर मारून फिकट दुधी रंग दिला. पत्र्यावर तळाशी गंज होता. तो पॉलिश पेपरने घासून काढला, पत्रा धुऊन वाळवला, प्रायमर मारला आणि वर मोरपिशी. हो, मोरपिशी. ‘काळा सोडून काहीही चालेल’ हे तुझेच शब्द आहेत, आई. स्प्रेचे हात पातळ दिलेत, एक सुकल्यावर पुढचा, त्यामुळे ओघळ कुठेच नाही. फक्त वरच्या कोपऱ्यात एक धुळीचा कण अडकलाय, तो बाबांना दिसणारच.

आत काही ठिकाणी पत्रा उघडा दिसेल. काम अर्धवट टाकलं असं समजू नका. मदरबोर्डचे पितळी खुंट आणि एसएमपीएस जिथे टेकतात तिथे धातूला धातू लागावा लागतो, नाहीतर अर्थिंग नीट होत नाही. त्या जागा चिकटपट्टीने झाकूनच रंग दिला.

आणखी एक जागा झाकली होती. डाव्या पत्र्याच्या आतल्या अंगाला बाबांनी मार्करने काढलेली आकृती: दोन ओळींत टिंबं, शेजारी ‘पॉवर बटण’, ‘रिसेट’, ‘हार्डडिस्क दिवा – लाल वर’. बोर्डाबरोबरचं पुस्तक केव्हाच हरवलंय. रंगकामासाठी सगळं सुटं केल्यावर पुढच्या बटणांच्या त्या बारीक वायरी कुठल्या पिनेवर जातात, हे सांगायला दुसरं काहीच नव्हतं. बोर्डावरची अक्षरं तर भिंगातूनही लागत नव्हती. बाबा, तुमच्या आकृतीवरून सगळ्या वायरी पहिल्याच फटक्यात बसल्या. रीसेटच्या ‘री’ची वेलांटी तुम्ही ऱ्हस्व काढलीय, तीही तशीच ठेवलीय.

बाकी किरकोळ. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती बदलली, पंखे साफ केले, सगळ्या फायली जुन्या हार्डडिस्कवरून नव्या, वेगवान एसएसडीवर घेतल्या. विंडोज 10चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले आणि विंडोज 11 या प्रोसेसरला घेत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकलीय. बाबांच्या हिशेबाच्या फायली डेस्कटॉपवर, डावीकडे आहेत. उघडून पाहिल्या, बेरजा जुळतात.

जमिनीवर ठेवू नका, तिथे धूळ जास्त ओढतो. रंग हाताला सुकलाय, पण पुरता कडक व्हायला अजून वेळ लागेल, तोवर नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा. आणि आई, चालू असताना त्याच्यावर विणलेलं झाकण घालू नकोस, कितीही शोभलं तरी. जुनी हार्डडिस्क पेटीतच गुंडाळून ठेवलीय. ती टाकू नका, कपाटात असू द्या.

प्रिंटरचं मात्र मला विचारू नका. तो खरंच गेलाय.

तुमची
लेक