पदपथावरून काढलेल्या छायाचित्राला मालकाची परवानगी कशाला?

महोदय,

खासगी मालकीच्या एखाद्या प्रसिद्ध वास्तूसमोर, फाटकाबाहेरच्या सार्वजनिक पदपथावर ट्रायपॉड उभा करावा, तर सुरक्षारक्षक धावत येतो, लेन्ससमोर हात आडवा धरतो आणि 'ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, काढलेले फोटो डिलीट करा' असे दरडावतो. हा अनुभव बहुतेक छायाचित्रकारांच्या परिचयाचा आहे. वास्तू खासगी आहे, हे मान्यच. पण छायाचित्रकार उभा आहे ती जागा खासगी नाही, आणि निर्णायक मुद्दा तोच आहे.

आवारात कोणाला प्रवेश द्यावा, आत कॅमेरा चालेल की नाही, व्यावसायिक चित्रीकरणासाठी शुल्क घ्यावे की नाही, हे ठरवण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. मात्र रस्त्यावरून कोणालाही दिसणाऱ्या दर्शनी भागाची प्रतिमा त्या अधिकारात आपोआप येत नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नॉर्मंडीतील एका ऐतिहासिक कॅफेच्या खटल्यात मालकाच्या बाजूने कौल दिला होता. त्याच न्यायालयाने २००४ मध्ये रूआँ शहरातील एका जुन्या वाड्याच्या प्रकरणात भूमिका बदलली आणि वास्तूच्या प्रतिमेवर मालकाचा एकाधिकार नाही, तिच्या वापरामुळे असाधारण उपद्रव होत असेल तरच त्याला हरकत घेता येईल, असे स्पष्ट केले. जर्मनीतील सांसूसी राजवाड्याच्या प्रकरणात २०१० मध्ये तेथील संघीय न्यायालयाने उद्यानाच्या आत काढलेल्या छायाचित्रांच्या व्यावसायिक वापराला मनाई करण्याचा मालक संस्थेचा हक्क मान्य केला, पण बाहेरून काढलेल्या छायाचित्रांना तो लागू केला नाही. मला ही विभागणी न्याय्य वाटते.

स्थापत्यावरील कॉपीराइटचा धाकही बऱ्याचदा विनाकारण दाखवला जातो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वास्तूचे छायाचित्र काढण्यास आणि प्रसिद्ध करण्यास मुभा देते. अर्थात सर्वत्र असे नाही. आयफेल टॉवरचे दिवसाचे छायाचित्र कोणीही वापरू शकतो, रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जात असल्याने तिच्या व्यावसायिक वापरासाठी परवानगी घ्यावी लागते. म्हणून परदेशात जाणाऱ्याने तेथील नियम आधी पाहावेत.

छायाचित्रकारांच्या बाजूने बोलताना हेही सांगितले पाहिजे की, पदपथावर उभे राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने कोणाच्या खिडकीत डोकावणे किंवा आवारावर ड्रोन उडवणे यांना मी या हक्कात मुळीच धरत नाही. तेथे राहणाऱ्यांचे खासगीपण वास्तूच्या प्रसिद्धीमुळे संपत नाही.

मात्र आवारातही नियम मोडला गेला, तर मालकाने त्या व्यक्तीला बाहेर जायला सांगावे, वाटल्यास कायदेशीर दाद मागावी. कॅमेरा हिसकावण्याचा किंवा चित्रे पुसायला लावण्याचा अधिकार त्याच्या रक्षकाला नाही. अशा वास्तूंच्या व्यवस्थापनांनी छायाचित्रणाच्या अटी तिकीट खिडकीवर आणि फाटकावर ठळकपणे लावाव्यात, आवाराची हद्द नेमकी कुठे संपते ते त्याच फलकावर दाखवावे आणि त्या हद्दीपलीकडे उभ्या असलेल्या कोणालाही अडवू नये, अशी लेखी सूचना आपल्या रक्षकांना द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक छायाचित्रकार वाचक