चिमट्यातला ९७ आणि बिडीचा धूर

महोदय,

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. आमचा चिमटा अजून फ्रिजवर असतो. थोरल्या भावाला दमा आहे आणि बिडी सुटत नाही. गेल्या डिसेंबरात, नागपूरची थंडी ऐन भरात असताना, रात्री त्याला धाप लागली. दोन शब्दांवर बोलणं अडायचं. चिमट्यात आकडा ९७. "पाह्य, ९७ हाय," एवढंच म्हणून तो अंगणात गेला. कशाला, हे सांगायला नको.

पहाटे दवाखान्यात नेलं. तिथेही ९६ पाहून आम्हाला बाकावर बसवलं. तासाभराने एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची बिडी कधी ओढली?" मग मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन को-ऑक्सिमीटरवर, म्हणजे हिमोग्लोबिनला काय काय चिकटलंय ते वेगवेगळं मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ८ टक्के, प्राणवायू घेतलेलं जेमतेम ८८.

चिमटा लबाड नाही, त्याची नजरच तोकडी. तो लाल आणि अवरक्त अशा दोनच प्रकाशांवर हिशेब करतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि असं रक्त चिमट्याला प्राणवायू भरलेल्या रक्तासारखंच लाल दिसतं. दोन्हींची बेरीज तो एकाच खात्यात मांडतो. बिडी न ओढणाऱ्यात हा वायू एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. ओढणाऱ्यात ५ ते १० टक्के सहज. साध्या हवेत तो निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. गार बोटं, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो हे निदान आपण ऐकून असतो. हे कोणी सांगत नाही.

धमनीच्या रक्ताची साधी तपासणीही पुरत नाही. त्यातला प्राणवायूचा टक्का बहुधा मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो. शिवाय दम्यात आकडा घसरतो तो उशिरा.

माझी मागणी छोटी आहे. शहरातल्या प्रत्येक रुग्णालयात तातडीच्या विभागात, धाप लागलेल्याच्या केसपेपरवर ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी 'शेवटची बिडी/सिगारेट किती वाजता' असा रकाना छापावा. शाईचा खर्च काय तो होईल. आणि ओढणारा असेल तर को-ऑक्सिमेट्रीची तपासणी स्पष्ट लिहून मागवावी.

भावासाठी आता पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची ते मोजणारं साधन, आणलंय. त्यात फुंकताना तो मला शिव्या घालतो, पण फुंकतो.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर