निर्जंतुक पाकिटाला स्टेपलर कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यांत निर्जंतुक वस्तूंसाठी येणारे 'पिशवीत पिशवी' (एकात एक दोन पिशव्या) प्रकारचे प्लास्टिकही बंद करा, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात 2017 पासून पहिला नंबर न सोडणाऱ्या इंदूरला एवढे प्लास्टिक शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. तळमळ पटली, पण भाजीच्या पिशवीचा न्याय या पिशवीला लावून चालणार नाही. माझी बहुतेक नोकरी इंदूरजवळच्या पीथमपूरला पॅकेजिंगच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीत झाली. म्हणून चार ओळी लिहितो.

आपल्या घरात पूर्वी सोवळ्यातला स्वयंपाक असे, तसाच या पिशव्या बनवण्याचा कारभार असतो. क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खास खोलीत जाताना घड्याळ, बांगड्या, टिकली, पावडर सगळे बाहेर. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा झगा, टोपी, मास्क, हातमोजे. साधा कागद आत नेता येत नाही आणि पुठ्ठ्याचा खोका तर मुळीच नाही, कारण दोन्हींचे तंतू झडतात. खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, धूळ आत शिरत नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सातव्या वर्गाच्या खोलीत घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण 3 लाख 52 हजारांपेक्षा जास्त चालत नाहीत. आकडा ऐकून हसू येईल, पण आपल्या बैठकीच्या खोलीत हेच कण कोटींनी मोजावे लागतात. त्याहून स्वच्छ अशा पाचव्या वर्गात तर ही मर्यादा 3,520 वर येते.

पिशवीसाठी प्लास्टिकचा दाणाही व्हर्जिनच लागतो, भंगारातून पुन्हा वितळवलेला नाही. दाणा वितळवून त्यात हवा फुंकली की फिल्मची लांबच लांब नळी तयार होते. ही फुंकायची हवासुद्धा गाळलेली असते, कारण नळीची आतली बाजू हीच उद्याची मालाला लागणारी बाजू. बाजारातली पिशवी चटकन उघडावी म्हणून तिच्या प्लास्टिकमध्ये एक मेणचट द्रव्य मिसळतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येते. भाजीला त्याने काही होत नाही. नाजूक भिंगावर किंवा शरीरात बसवायच्या सांध्यावर मात्र त्याचा थर चालत नाही. सर्किट बोर्डाची अडचण आणखी वेगळी: साध्या पिशवीत घासून तयार झालेली स्थिर वीज चिप निकामी करू शकते. त्या गुलाबी आणि चंदेरी पिशव्या त्यासाठी.

आता 'पिशवीत पिशवी'. बाहेरची पिशवी क्लीनरूमच्या दारातच उतरवायची असते, आतली पुढे जाते. दोन्हींची कामे निराळी आहेत, त्यामुळे त्यातली एक कमी करा म्हणणे म्हणजे बाहेरची धूळ थेट मालावर घेणे.

माझी खरी तक्रार पुढची आहे. एवढ्या सोवळ्यात बनलेले पाकीट शेवटच्या टप्प्यात, आपल्याच हातून बाटते. शहरातल्या एका औषधाच्या दुकानात परवा लघवीची नळी घेतली. दुकानदाराने सरळ पाकिटावर बिल ठेवले आणि स्टेपलर मारला. पिनेची दोन्ही टोके कागदातून आणि फिल्ममधून आरपार. जंतू साधारण एका मायक्रॉनचा असतो. पिनेचे भोक त्याच्यासाठी केवढे असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. मी म्हटले, दुसरे द्या. त्यावर "अहो काका, नळी तर आतच आहे ना?" हे उत्तर मिळाले. मागच्या फळीवर अशीच पाकिटे रबर लावून, मुडपून, गठ्ठ्याने ठेवलेली होती.

अशा पाकिटाची एक बाजू कागदाची का असते, तेही सांगतो. बऱ्याच वस्तू इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. तो वायू आत जायला आणि नंतर बाहेर निघायला सच्छिद्र बाजू लागते, म्हणून तिथे खास कागद किंवा टायवेक (प्लास्टिकच्या तंतूंचे कागदासारखे पापुद्रे) असते. वायूला वाट देऊन जंतूंना अडवायचे हेच त्या कागदाचे काम. पण तो ओला झाला की अडवणे संपले. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली पाकिटे मी पाहिली आहेत, आणि त्यांवरची मुदतीची तारीख मात्र दोन वर्षे पुढची. फाटलेल्या किंवा भिजलेल्या पाकिटाला त्या तारखेचा काही उपयोग नाही. पाकिटावरचे चिन्हही तेच सांगते: फाटके पाकीट वापरू नका.

उघडतानाही कात्री लावू नये, अंगठ्याने कागद फोडू नये. दोन कडा धरून सोलायचे, म्हणजे तंतू उडत नाहीत. काही छोट्या दवाखान्यांत ऑटोक्लेव्हचे (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनचे) पाऊच दुसऱ्यांदा वापरतात, हे तर फारच वाईट. ते एकदाच वापरायचे असते. आणि पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे 121 अंशांवर पंधरा मिनिटे पुरी झालीच, असे समजू नये. साधी पट्टी एवढेच सांगते की पाऊच मशीनमधून जाऊन आले.

कचऱ्याचे म्हणाल, तर रक्त वगैरे न लागलेले वरचे वेष्टन सोलून कागद एकीकडे आणि फिल्म दुसरीकडे करून सुक्या कचऱ्यात द्यावे. रुग्णाला लावलेली नळी दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत जाते. कागद-प्लास्टिकचे हे जोडकाम नंतर वेगळे काढणे अवघड जाते, हे पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य आहे. सुधारणा तिथे, रचनेत व्हायला हवी.

1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा औषध निरीक्षकांनी दुकानात गोळ्यांच्या मुदतीबरोबर या फळ्याही पाहाव्यात. औषध विक्रेत्यांच्या संघटनेने सभासदांना एवढेच कळवावे की बिल वेगळ्या कागदी पाकिटात घालून द्या. आणि नातेवाइकांनी घेतानाच पाकीट उजेडात धरून सील पाहावे, फाटके असेल तर तिथेच बदलून मागावे. वापरल्यावर त्रास झाला, तर बॅच नंबरासह वेष्टन जपून ठेवावे आणि डॉक्टरांना ते दाखवून तक्रार करायला सांगावे. उपकरणांबाबतच्या अशा तक्रारींसाठी गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे 2015 पासून व्यवस्था आहे.

आपला,
एक निवृत्त वाचक
सुदामानगर, इंदूर